लाइट गेली, करंट नाही गेला

गच्चीवरून खाली आले आणि लगेच लिहितेय.

आज दुपारी कळव्यात आमच्या बिल्डिंगची लाइट गेली. मी गच्चीवर गेले, तर शेजारच्या कोळीणमावशी सोलर पॅनलची लोंबती वायर कोयत्याने कापायला निघालेल्या! बोंबील वाळत घालायच्या दोरीला ती आड येत होती.

"मावशी, हात नका लावू!" मी किंचाळलेच.

"अगो, लाइट गेलीय ना? मंग कसला करंट?"

मी वर सूर्याकडे बोट दाखवून सांगितलं. ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरीत करंट असतोच.

मावशींनी कोयता खाली ठेवला. "मंग ह्यो बंद कुठनं करायचा गो?"

सोलर बसवायला दारोदार फिरून सह्या मीच घेतलेल्या. आणि मला ते माहीतच नव्हतं.

तुमच्या गच्चीवर कोणाला माहितीये?