पडदा काळा करणारा

आमच्या संगमेश्वराकडच्या दगडू मांडवकराने अकरा वर्षं आखातातल्या उन्हात पडदे ढकलले. त्या पडद्याला साइटस्क्रीन म्हणतात. क्रिकेटच्या मैदानाच्या दोन्ही टोकांना तो चाकांवर उभा असतो. गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजाला नीट दिसावा, एवढंच त्याचं काम. चेंडू लाल असेल तर पडदा पांढरा, चेंडू पांढरा असेल तर पडदा काळा. फलंदाजाने हात वर केला की दगडू तापलेल्या लोखंडाला फडकं गुंडाळून खांदा लावायचा आणि पडदा हातभर सरकवायचा. मॅच सुरू होण्याआधी तो न चुकता फलंदाजाच्या जागी जाऊन उभा राहायचा आणि तिथून पडदा बघायचा. कुणी सांगितलं नव्हतं. पण अकरा वर्षांत एकाही फलंदाजाने चेंडू दिसला नाही म्हणून तक्रार केली नव्हती, आणि दगडूला या गोष्टीचा अभिमान होता. तो असावाच.

मग ते मैदान बेसबॉलवाल्यांनी घेतलं. मधलं हिरवं गवत काढून लाल मातीचा चौकोन आखला. समोरच्या टोकाला, जमिनीपासून सुरू होऊन दोन मजली घराएवढा उंच, एलईडीचा नवा पडदा उभा राहिला. जवळून बघावं तर नुसते ठिपके, मोहरीच्या दाण्याएवढे, लाखांनी. लांब जाऊन बघावं तर त्यातून घोडा धावतो, समुद्र येतो, माणूस हसतो. जुने चाकांचे पडदे कापून भंगारात गेले. दगडूला ऑफिसात बोलावून सांगितलं की पहिल्या मॅचपर्यंत नव्या पडद्यावरची वाळू झाडायची, मग खलास. व्हिसा रद्द, परतीचं तिकीट कंपनीचं.

उम्म अल कुवैन गावात तो ज्या खोलीत राहायचा, तिथले लोक हळहळले. दगडू हळहळला नाही. रोज बसने यायचा, शिडीवर चढायचा आणि मऊ ब्रशने एकेक चौकट साफ करायचा. काम संपणार म्हणून हात आखडता घेणाऱ्यांतला तो नव्हे.

मॅच शुक्रवारी होती. संघ गुरुवारी यायचे होते. मंगळवारी दुपारी पडद्याची चाचणी लागली. वरच्या काचेच्या खोलीत पुण्याचा इंजिनियर सुजीत बसला होता. सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. शेजारी मुंबईच्या शुभ्रा मॅडम, जाहिरातींचं काम त्यांच्याकडे. सगळ्यात मोठी जाहिरात एका दूध कंपनीची. सुजीतने बटण दाबलं आणि अख्खा पडदा पांढराशुभ्र झाला. वरून खालपर्यंत दूध वाहत होतं.

दगडू सवयीने फलंदाजाच्या जागी जाऊन उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग वर जाऊन, चपला दाराबाहेर काढून आत शिरला.

"साहेब, तो पिचर चेंडू टाकताना हे दूध असंच वाहणार?"

पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. सुजीत हसला. "काय दगडूभाऊ, बेसबॉल कळायला लागला?"

"बेसबॉल नाय कळत. चेंडू पांढरा आहे, तेवढं कळतं."

शुभ्रा मॅडमनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "सुजीत, क्लायंटने फुल ब्राइटनेस अप्रूव्ह केलाय. पडदा पूर्ण वेळ आपला. यल्ला, चल, पुढची फाइल लाव."

"मॅडम, बगळा ढगावर दिसत नाय. जांभळीवर बसला की दिसतो."

"हे काय बोलतायत?"

"जुने साइटस्क्रीनवाले आहेत ते," सुजीत म्हणाला. मग दगडूकडे वळून, "अहो, प्रोफेशनल प्लेअर आहेत. त्यांना सगळं दिसतं."

"दिसत असेल. पण ताशी शंभर मैलांनी येतोय म्हणता ना? नाय दिसला तर डोक्यात बसेल. तुम्ही खाली चला साहेब. तुम्ही उभे राहा, मी टाकतो."

तीन दिवसांवर तिकीट आलेल्या माणसाने साहेबाला असं म्हणावं का? दगडूने तो विचार केलाच नाही. पडदा कुणाचाही असो, त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला चेंडू दिसलाच पाहिजे, हे त्याच्या दृष्टीने ठरलेलं होतं. आणि सुजीतही असा की पुणेकर असून मागे हटला, असं मॅडमसमोर त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

मैदानातल्या दुकानात विकायला आणलेले पांढरे स्पंजचे चेंडू दगडूने खिशात भरले. सुजीत कडक इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात कार्ड लोंबतंय, बॅट झाडूसारखी धरून उभा राहिला. मॅडम वर काचेशी आल्या. दगडू पिचरच्या उंचवट्यावर चढला. भात कापलेल्या शेतांत त्याने तरुणपणी कित्येक टूर्नामेंटी गाजवल्या होत्या. त्याने हात फिरवला.

सुजीतला हात दिसला. मग काहीच दिसलं नाही. मग छातीवर टप् झालं.

"नो बॉल!" सुजीत ओरडला.

"इथे नो बॉल नसतो साहेब. दुसरा घ्या."

दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला सुजीत बॅट टाकून खालीच बसला.

"मॅडम," दगडूने वर हाक मारली, "मधला भाग काळा करा!"

सुजीतने खालून ओरडून बटण सांगितलं, मॅडमनी दाबलं आणि दूध मधोमध थांबलं. पडद्याच्या पोटात काळाभोर चौकोन उमटला. चौथा चेंडू हातातून सुटल्यापासून लिंबासारखा स्वच्छ दिसला. सुजीतने बॅट फिरवली, कड लागली, चेंडू मागे गेला.

"दिसला! दिसला रे!" तो सोसायटीच्या गच्चीवर ओरडावं तसा ओरडला.

मॅडम खाली आल्या. आता आवाज बदलला होता. "मग आमची जाहिरात कधी दाखवायची?"

"दोन चेंडूंच्या मध्ये मॅडम. तेव्हाच लोक वर बघतात. चेंडू येत असताना दूध कोण बघतंय?"

"पॉइंट आहे," सुजीत म्हणाला. "टायमर लावतो. ऑटोमॅटिक काळा होईल."

"टायमरला काय कळतं पिचर टाकतोय की टोपी नीट करतोय ते?"

"मग बटण दाबणार कोण? मला बाकीची पन्नास कामं आहेत."

"मी दाबीन." दगडूने विनवणी केली नाही. आपण कुठलं काम करू शकतो, तेवढं सांगितलं. "टाकायच्या आधी माणसाचे खांदे गप्प होतात. अकरा वर्षं तेच बघत आलोय."

गुरुवारी संघाचा गोरा प्रशिक्षक आला. बॅग खाली ठेवायच्या आधी तो फलंदाजाच्या जागी उभा राहिला आणि समोर बघू लागला. काळा चौकोन बघून प्रशिक्षकाने पसंतीची मान हलवली, बॅग उचलली आणि आत गेला. तासाभरात मॅडमनी दगडूचा व्हिसा रद्द करायचा कागद ऑफिसातून मागवून फाडला. सुजीतने नवा करार टाइप केला: स्क्रीन ऑपरेटर, दोन वर्षं.

मी त्या महिन्यात शारजात रोल्लाला पुतण्याकडे होतो, म्हणून शुक्रवारी मला मॅच बघता आली. बेसबॉल मला समजला नाही. पण वरच्या काचेत दगडू इस्त्री केलेल्या शर्टात ताठ बसला होता, आणि पडदा एकदाही उशिरा काळा झाला नाही. तिसऱ्या डावात एका धिप्पाड फलंदाजाने बॅट घुमवली. चेंडू त्या काळ्यावरून लखलखत वर चढला आणि पडद्याच्या माथ्यावरून पलीकडे वाळूत गेला. सगळं मैदान उभं राहिलं. दगडू बटणावर बोट ठेवून बसून होता. पुढचा फलंदाज यायचा होता.