गाठ माझी होती

सन १९९४. माझं वय त्रेसष्ट. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "नाना, ब्रेस्ट कॅन्सर आहे. छातीच्या गाठीचा कॅन्सर."

मी म्हटलं, "तो बायांना होतो."

"पुरुषांनाही होतो. क्वचित होतो."

मान तेवढी ताठ ठेवली.

चूक माझीच. डाव्या छातीच्या बोंडाखाली हरभऱ्याएवढी गाठ लागली होती. दुखत नव्हती. मी बिब्बा लावला. कातडी भाजली, गाठ तशीच. मग सोनगीरला, आमच्या गावी, विहिरीवर बंडी घालूनच आंघोळ करू लागलो. सोबतचे हसायचे, "काय नाना, उन्हायामा थंडी वाजस का?" मी शिव्या घालायचो. असे आठ महिने घालवले. बोंड आत ओढलं गेलं ते शेवंतानं, माझ्या बायकोनं पाहिलं, आणि मला एस.टी.त बसवलं.

ऑपरेशन झालं. गाठ लिंबाएवढी निघाली, काखेतही रोग पोचलेला. तुकडा मुंबईला पाठवला, रिसेप्टर बघायला. रिसेप्टर म्हणजे रोगाच्या पेशीवरचं कुलूप, असं डॉक्टरांनी समजावलं. बाईचं हार्मोन थोडं पुरुषाच्या अंगातही असतं. ते किल्लीसारखं त्यात बसतं आणि रोग वाढतो. कुलूप असलं तर गोळी लागू पडते.

"आणि नसलं तर?"

"मग गोळीचा उपयोग नाही. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतील." तीन आठवडे डोक्यात तेच होतं. जेवताना हात थांबायचा.

रिपोर्टच्या दिवशी दवाखान्यात बाकांवर सगळ्या बायाच. कंपाउंडरनं कागद बघून हाक मारली, "सोनगीर, छातीची गाठ! चला बाई, आत चला."

शेवंता उठली. माझी लाज झाकायला उठली. मी तिचा पदर धरला.

"खाले बठ. गाठ मनी शे."

गाठ माझी म्हटल्यावर सगळ्या बघायला लागल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "लाजू नका भाऊ, आठे बठ्ठासले तेच शे." इथं सगळ्यांना तोच रोग, असं तिचं म्हणणं.

आत डॉक्टर म्हणाले, "कुलूप आहे. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, पाच वर्षं. भरवसा देत नाही, पण एकही दिवस चुकवू नका."

त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहून गेलं. गड्यांनो, तुमच्या छातीला गाठ लागली तर बंडीखाली ठेवू नका. मी आठ महिने ठेवली, त्याची भीती अजून जात नाही.

रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताच्या हातून गोळी घेतली, विहिरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर बंडी काढली.