वय नसलेल्या बाळांची झबली

ताईचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यात त्याच्या मापाचा एकही कपडा नव्हता. परिचारिकेनं एका हिरव्या फडक्यात गुंडाळून ते तिच्या हातात दिलं. ताई शिवणकाम करणारी; तिची नजर आधी फडक्याच्या उसवलेल्या कडेवर गेली. रडू काही आलं नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जरा पड तू." ती मशीनवर बसली आणि मऊ सुती कापडातून तिनं एक इवलंसं झबलं बेतलं. ते परिचारिकेला नेऊन दिलं. काही दिवसांनी तिचाच फोन आला, "आणखी द्याल का? याहून लहान." तेव्हापासून गिऱ्हाइकांची कामं उरकली, की ताई झबली शिवायची. नवरा मशीनच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

धाकटी बहीण तोंडाळ, पण कामाला वाघ. "ताई, पदरमोड करून किती दिवस रेटणार?" म्हणत तिनं इंटरनेटवर एक पान उघडलं, झबल्यांचे फोटो टाकले आणि खाली स्वतःच्या बँक खात्याचा नंबर दिला. कुठून कुठून देणग्या आल्या. सोबत आलेले निरोप ती वाचून दाखवायची. ताई गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची काजं करत 'हं' म्हणायची.

मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची नोटीस आली. नोंदणी नसताना जनतेकडे देणग्या मागितल्या; पान बंद करा, खुलासा द्या. बहिणीचं धाबं दणाणलं. ताईनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "उद्या जाऊन येऊ."

"आम्ही काय कुणाचं लुबाडलंय का हो?" कार्यालयात बसल्या बसल्या बहिणीनं तोंड सोडलं.

"तसं कुणी म्हणत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण उघड देणगी मागायची तर आधी नोंदलेली संस्था हवी, विश्वस्त हवेत, संस्थेच्या नावाचं खातं हवं. शिवाय पान सगळीकडे दिसतं. दुसऱ्या राज्यातल्या लोकांकडे मागाल, तर तिथलेही नियम लागू होऊ शकतात."

"म्हणजे जो जो फोटो बघेल, त्याच्या गावाला जाऊन परवानगी काढायची?"

बाईंना हसू आलं. "सध्या फक्त इथल्याच देणग्या घेतो, असं पानावर स्पष्ट लिहा. बाकीचं नंतर." त्यांनी अर्ज पुढे ओढला. "लाभार्थी कोण?"

"बाळं," ताई म्हणाली.

"वयोगट?"

बहिणीनं ताईकडे पाहिलं.

"वय नाही त्यांना," ताई म्हणाली. "जन्माआधीच गेलेली असतात. काही जन्मल्यावर लगेच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाल्या, "कागदावर लाभार्थी जिवंत लागतो हो. मूल गमावलेले आईवडील, असं लिहू?"

"लिहा."

"अशांपैकी कुणी विश्वस्त म्हणून मिळालं तर बरं. ओळखीचं आहे कुणी?"

"मी आहे," ताई म्हणाली. हे ती पहिल्यांदाच कुणासमोर बोलली होती. छातीत काही हललं नाही.

मग कागदांपायी खेटे सुरू झाले. ठराव, सह्या, जागेच्या मालकाचं संमतीपत्र. तिसरी विश्वस्त म्हणून परिचारिका उभी राहिली. बहिणीच्या नाकी नऊ आले. सांगतील तिथे ताई सही करत राहिली. अखेर नोंदणी झाली, नवं खातं निघालं आणि नोंदणी क्रमांकासकट पान पुन्हा सुरू झालं. "ताई, झालं गं!" बहीण फोनवर ओरडली. ताई म्हणाली, "बरं झालं."

त्या संध्याकाळी नवरा खोलीत आला. स्टूल ओढून बसला. ढिगातलं एक झबलं त्यानं दोन बोटांनी उचललं.

"बंद मागे का?"

"घालताना बाळाचे हात वाकवावे लागत नाहीत."

त्यानं झबलं मांडीवर पसरलं. मग त्यानं कात्री घेतली आणि शिवणीचे सुटलेले दोरे कापू लागला. ताईनं दिवा थोडा त्याच्या बाजूला सरकवला.