काळकाईच्या राईवरचे मार्शल

आमचे भावजी आईच्या पोटातून शिट्टी फुंकतच बाहेर आले असणार, असं मला नेहमी वाटतं. भावजी म्हणजे कोंडाजी, माझे थोरले दीर. तोंडावर मी त्यांना अहोजाहो करते. मनातल्या मनात काय म्हणते ते इथं सांगण्यासारखं नाही.

काशीदच्या समुद्राकडून डोंगर चढत आलं की आमची वाडी लागते. इथले बाप्ये भात लावतात नाहीतर कारखान्यात जातात. भावजी कारखान्यात गेले आणि गेटवर उभे राहिले. अख्खी नोकरी त्यांनी तिथंच उभ्यानं काढली. कामगाराचा डबा उघडून बघायचा, बाईची पिशवी उलटी करायची, आणि साहेबाची गाडी दिसली की खाडकन सलाम ठोकायचा. गाडीच्या डिकीत काय आहे ते विचारायची छाती या माणसाला जन्मात झाली नाही. आमचे हे, म्हणजे सदा, थोडे दिवस तिथंच ठेक्यावर कामाला होते. सख्ख्या भावाची भाकरी उचलून खाली बघितलं भावजींनी! "ड्यूटी म्हंजे ड्यूटी," म्हणे. ह्यांनी त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

भावजी रिटायर झाले आणि शिट्टी घेऊन गावात आले. नळावर कुणाचा हंडा पुढं सरकला, वाजव शिट्टी. पंगतीत कुणी आधी बसलं, वाजव शिट्टी. पण त्यांचं खरं राज्य काळकाईच्या राईत. वाडीच्या वरच्या अंगाला देवीची ही जुनी राई आहे. तिच्यातली काडी कुणी तोडत नाही, आणि हद्दीच्या दगडापुढं पायात वहाण घालून कुणी जात नाही. गेलाच, तर जत्रेला सगळ्या गावासमोर देवीला नारळ द्यायचा आणि कान धरून माफी मागायची. ही चाल बापजाद्यांची. भावजींनी नुसती तिच्यावर शिट्टी बसवली.

आमच्या शेजारच्या ठमाबाईला धड दिसत नाही. तिचं वासरू एकदा राईत शिरलं आणि ती चपलेसकट त्याच्या मागं गेली. चार पावलं गेली असेल नसेल. भावजींनी त्या म्हातारीला जत्रेत कान धरायला लावले. लोक म्हणाले, अहो जाऊ द्या, तिला कळलं नाही. तर म्हणाले, "कायदा सगळ्यांना सारखा." म्हातारी घरी येऊन मुळूमुळू रडली.

माझ्या लेकीला, आरोहीला, ती एवढीशी असताना भावजींनीच दम भरला होता. "देवीच्या अंगणात वहाण घालून गेलीस तर तंगडं मोडीन." पोरीनं ते असं मनात धरलं की राईच्या बाजूनं जाताना बाहेरूनसुद्धा ती चपला हातात घेते.

ही आरोही आता बारावीला आहे. पायात तिच्या भिंगरी आहे. कॉलेजातून आली की डोंगरावर पळत जाते, पळत उतरते. मागच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका संस्थेनं आमच्याकडं पोरापोरींची साहसी शर्यत ठेवली. किनाऱ्यावरून निघायचं, डोंगर चढायचा, रान ओलांडून परत किनाऱ्यावर यायचं. पहिल्या दोन मुलींना हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिराला नेणार होते. आरोहीला दुसरं काही दिसेना. झोपेत पाय हलवायची पोर! मी काळकाईला म्हटलं, बाई, एवढं हिच्या पदरात घाल.

संस्थेला वाटेवर उभं राहायला गावची माणसं हवी होती. फुकटचं काम, पण नारिंगी जाकीट, वॉकीटॉकी आणि नवे बूट मिळणार. छातीवर मोठ्या अक्षरांत 'मार्शल'. भावजींना आणखी काय पाहिजे? आठ दिवस ते जाकीट घालून फिरत होते. जावेला, सत्यवतीला विचारलं, झोपताना तरी काढतात का गं? ती म्हणाली, "खुंटीला टांगतात आन् बघत पडतात."

वाट आखायला संस्थेची प्राप्ती नावाची पोरगी आली होती. बिचारी गुणाची. तिला सावलीतली वाट हवी होती, तर भावजींनी तिला थेट राईत नेलं. मी जवळच, हद्दीच्या बाहेर, वाळक्या पानांचा पातेरा गोळा करत होते. तिनं झाडांकडं बघितलं, दगडाला लावलेला शेंदूर बघितला आणि विचारलं, "काका, इथे देवाचं वगैरे काही आहे का? असेल तर आपण वाट बदलू."

"न्हाय न्हाय मॅडम," भावजी म्हणाले. "साधं जंगल हाय."

माझ्या हातातला पातेरा खाली पडला. ती गेल्यावर मी म्हटलं, भावजी, असं कसं सांगितलंत? तर माझ्यावरच खेकसले. "मोठ्या लोकांच्या कामात गावठीपणा करायचा न्हाय." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

शर्यतीच्या दिवशी आम्ही बायका हद्दीपाशी जाऊन बसलो. भावजींनी दगडाच्या आत, सावलीत खुर्ची टाकली होती आणि पायात ते नवे बूट. ठमाबाईनं मला हळूच विचारलं, "रंगू, कोंडाजी आत बसलाय का बाहेर?" मी म्हटलं, आत.

पहिली मुलगी आली. शहरातली, गोरीपान, बूट थाडथाड वाजवत राईत घुसली. भावजी उठून उभे राहिले आणि खाडकन सलाम. "गो! गो! व्हेरी गुड!"

दुसरी आमची आरोही. घामानं निथळत होती, पण दम शाबूत. माझा जीव नुसता सुपाएवढा झाला. दगडापाशी आली, थांबली आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागली.

पिर्र! भावजींची शिट्टी. "बूट काढायचे न्हाय! अनवाणी पळाल तर बाद. रूल हाय."

"काका, राई हाय ही."

"आज राई न्हाय. आज चेकपॉइंट हाय."

पोर त्यांच्याकडं बघतच राहिली. मागून एक मुलगी आली आणि बाजूनं निघून गेली. खरं सांगते, मी 'जा' म्हणणार होते. देवीची मी समजूत घातली असती, आई आहे मी. पण आरोहीनं माझ्याकडं वळून बघितलंच नाही. तिनं नाडी परत बांधली, आणि आत न जाता राईच्या बाहेरून, काट्याकुट्यातून लांबचा वळसा घालून पळत सुटली.

भावजींनी वॉकीटॉकी तोंडाला लावली. आमच्याकडं पाठ करून, साहेबाशी बोलावं तसं म्हणाले, "एक मुलगी कोर्स सोडून गेली. नोंद घ्यावी. ओव्हर." सख्ख्या भावाची पोर, आणि तिचं नावसुद्धा घेतलं नाही या माणसानं.

आम्ही पायवाटेनं धावत किनाऱ्यावर उतरलो. तर काय, तेवढा वळसा घालूनही आरोही दुसरी आली होती! हातापायांवर ओरखडे, आणि तोंडभर हसत होती. मी तिला पोटाशी धरलं. तेवढ्यात प्राप्ती आली, आणि तिचं तोंड बघूनच मला कळलं. ठरलेली वाट सोडली म्हणून आरोही बाद. आरोहीनं का सोडली ते सांगितलं, तेव्हा ती पोरगी रडकुंडीला आली. "मी काकांना विचारलं होतं गं," एवढंच म्हणत राहिली. पण निकाल लागला होता. तिच्या जागी हिमालयात तिसरी गेली.

भावजींना 'उत्कृष्ट मार्शल' म्हणून ढाल मिळाली. ती घेऊन आमच्या ओटीवर आले, दाखवायला! ह्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाला 'बस' म्हटलं नाही.

चैत्रात काळकाईची जत्रा आली. भावजी शिट्टी घेऊन हद्दीच्या दगडापाशी हजर. गाव अनवाणी आत निघालं. आरोही पुढं झाली आणि तिनं त्यांच्या हातात नारळ ठेवला.

"कशाचा?"

"तुमचा, काका. बूट घालून आत बसला व्हतात, त्याचा."

भावजी इकडंतिकडं बघायला लागले. सगळं गाव थांबलं होतं. "तवा मी ड्यूटीवर व्हतो," ते म्हणाले.

मागून ठमाबाई बोलली. "आन् मी वासराच्या मागं व्हते रे कोंडाजी."

कुणी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. शेवटी भावजींनी एक कान धरला. दुसऱ्या हातात नारळ होता.

आरोहीनं पुढं होऊन तो आपल्या हातात घेतला. "द्या, मी धरते," ती म्हणाली. "आता दोन्ही धरा."