केतनचा ब्लॉक झाला म्हणे

मुलांनी ऑनलाइन जपून कसं राहावं, कोणी छळलं तर काय करावं, हे सांगत मी आणि माझा सहकारी जाधव उपनगरांतल्या शाळाशाळांतून फिरतो. काम गंभीर आहे, आमचे चेहरेही गंभीर असतात. तरी दर शाळेतून एखादा किस्सा पदराला चिकटून येतोच. जाधव म्हणतो, "मॅडम, लोक आपल्याला ऐकायला येत नाहीत, ऐकवायला येतात."

*

गोवंडीच्या शाळेत मी विचारलं, "तुम्हाला ऑनलाइन कोणी त्रास देतं का?" एका मुलाने ताबडतोब हात वर केला.

"माझी आई. मी फोटो टाकला की खाली लिहिते, 'जेवलास का?' आता सगळी शाळा मला 'जेवलास का' याच नावाने हाक मारते."

आई पालकांमध्येच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मग जेवत जा ना वेळेवर."

*

अंधेरीत एक बाबा फार खुशीत होते. मुलावर नजर ठेवायला त्यांनी पंधरा वर्षांचा मुलगा बनून खोटं अकाउंट काढलं होतं आणि त्याच्याशी दोस्ती केली होती. "त्याला पत्ताच नाही," म्हणाले.

सेशन संपल्यावर मुलगा मला गाठून म्हणाला, "मॅडम, बाबांना सांगू नका, पण मला माहितीये. पंधरा वर्षांचा कोणता मुलगा रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवतो?"

"मग तू गप्प का?"

"त्याला गणितं विचारतो ना. छान समजावतो यार. समोर विचारली की बाबा ओरडतात."

मी त्या बाबांना आजवर काही सांगितलेलं नाही. शिकवणी चालू राहू दे.

*

मुलुंडच्या शाळेत पालकांसमोर जाधव रंगात आला होता. "पोरांना सांगा, कोणी त्रास दिला की सरळ ब्लॉक करायचं."

पहिल्या रांगेतले नाना उठले. सून-मुलगा कामावर, म्हणून नववीतल्या नातीचे, सानिकाचे पालक म्हणून तेच आले होते. म्हणाले, "ह्या वयात पोरा ब्लॉक खय घेतली? माका जल्मभर जमाक नाय."

हॉल हसून लोळला. मुंबईच्या जुन्या माणसाला ब्लॉक म्हणजे चाळ सोडून घेतलेली, नळ-संडास घरात असलेली स्वतःची जागा! मी नानांच्या शेजारी बसून नीट समजावलं, की फोनवर ब्लॉक करणं म्हणजे त्या माणसाला आपलं दार बंद करणं.

"म्हणजे तो आपल्या दारात येवचो नाय."

"बरोबर."

"आणि आपण तेच्या दारात गेलाव तर?"

"आपण कशाला जायचं नाना?"

नाना मान डोलावत बसून राहिले.

*

पुढे त्याच शाळेत सानिकाचा प्रार्थनेत जांभई देतानाचा फोटो कोणीतरी काढला आणि त्याचा स्टिकर केला. खाली लिहिलं, 'म्हैस उठली.' दोन दिवसांत तो वर्गभर झाला. मुख्याध्यापिका बाई चांगल्या, पण घाईच्या. त्यांनी सर्व पालकांच्या ग्रुपवर कडक सूचना टाकली, 'हा स्टिकर कोणीही पुढे पाठवू नये.' आणि कोणता ते कळावं म्हणून सोबत स्टिकर जोडला.

जाधवने कपाळावर हात मारला. "वाट लागली."

मला मात्र हसू आलं नाही. सानिकाने शाळेत जाणं बंद केलं. हे कोणी केलं, ते ती आईला सांगेना, बाईंना सांगेना, मलाही सांगेना. नावच नाही तर समज द्यायची कोणाला? शेवटी घरच्यांनी तिला कणकवलीला मामाकडे ठेवायचं ठरवलं. मुलगी जाणार आणि स्टिकर इथेच राहणार, याचा मला भयंकर राग येत होता.

*

निघायच्या आदल्या दिवशी नानांनी तिला विचारलं, "तुका त्रास कोण देता गो?" नानांना कुठे काय कळणार, म्हणून ती म्हणाली, "जाऊ दे ना नाना. मी त्या वरच्या मजल्यावरच्या केतनला ब्लॉक केलंय."

संध्याकाळी नाना पेढे घेऊन केतनच्या दारात उभे. केतनच्या आईने दार उघडलं.

"अभिनंदन! केतनाचो ब्लॉक झालो म्हणान कळला."

"कसला ब्लॉक, नाना?"

"आमच्या सानिकान सांगल्यान ना. केतनाक ब्लॉक केलंय म्हणाली."

केतनच्या आईने हातातला पेढा डब्यात परत ठेवला आणि आत हाक मारली, "केतन, बाहेर ये. फोन घेऊन ये."

त्यानंतर त्या घरात काय झालं ते आम्हाला कळलं नाही. केतन मात्र आईबरोबर खाली आला, त्याने सानिकाची माफी मागितली आणि वर्गाच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने कबुली टाकली. कणकवलीची बॅग उघडली गेली. सोमवारी सानिका शाळेत होती, हे बघून मला खरंच रडू आलं.

शाळेच्या फाटकापाशी नाना भेटले. हातात तोच डबा.

मी म्हटलं, "नाना, ब्लॉक म्हणजे काय ते मी तुम्हाला त्या दिवशी समजावलं होतं ना?"

"होय तर," नाना म्हणाले. "चांगला समजावलंस. पेढो घे."