अंगठ्यावरच्या रेषा

यांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि हे इथेच गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका केंद्रात शिकवायला जाऊ लागले. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींना अर्ज लिहायला, कॉम्प्युटरवर टाइप करायला, मुलाखतीत समोर बघून बोलायला शिकवायचं. कशीतरी दुपार सरावी, एवढंच मला हवं होतं.

त्यातली एक एकोणीस वर्षांची. घरी खड्यांना पैलू पाडायची, म्हणजे दिवसभर फिरत्या चाकावर खडा धरून बसायचं. आधी तिची आई बसायची. धुळीनं आईची छाती गेली, डॉक्टरांनी चाक बंद करायला सांगितलं, तेव्हा ही नववीतून उठून त्या जागी बसली. नोकरी लागली की चाक विकून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

जगतपुऱ्यातल्या एका गोदामात नोंदी करायच्या कामासाठी तिची निवड झाली. पण हजेरी अंगठ्यावर होती आणि मशीन तिचा अंगठा घेईना. दहाही बोटं लावून पाहिली. खड्यांबरोबर बोटांवरच्या रेषाही घासून गेल्या होत्या. दुसरी काही सोय होईल का, असं मी फोन करून विचारलं. पंधरा दिवसांत अंगठा नोंदवा, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ, असं उत्तर मिळालं.

वर्गात एकजण म्हणाली, "तू चोऱ्या कर गं, पोलिसांना सापडायची नाहीस." सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिनं हात ओढणीखाली घेतला.

मी पुस्तकात उत्तर शोधणारी बाई. कातडीला विश्रांती मिळाली तर रेषा परत येतात, हे वाचून कळलं. यांच्या आजारपणातली ग्लिसरीनची अर्धी बाटली घरात होती, ती टाकवत नव्हती. ती तिला दिली आणि पंधरा दिवस चाकाला हात लावू नकोस म्हणून बजावलं. तिनं बाटली ओढणीच्या टोकात गुंडाळली. मग "बरं, आंटीजी" म्हणाली. इतके दिवस चाकावर कोण बसणार, हे मी विचारलं नाही.

रोज खिडकीपाशी जाऊन आम्ही तिचा अंगठा उजेडात धरायचो. दहाव्या दिवशी फिकट रेघा दिसल्या. त्या दिवशी घरी जाताना, सांगायचं म्हणून मी फोनमध्ये यांचा नंबर काढला होता.

चौदाव्या दिवशी तिच्याबरोबर गोदामात गेले. मशीननं अंगठा घेतला. सोमवारपासून या, म्हणाले. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, आधी आईला फोन कर.

"आई दवाखान्यात आहे," ती म्हणाली. "परवापासून. चाकावर तीच बसत होती. खडे परत पाठवले असते तर व्यापाऱ्यानं पुन्हा दिले नसते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आईनं शपथ घातली होती. तुम्ही थांबवलं असतंत."

मी थांबवलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही. रेघा दिसू लागल्यावर तर बहुतेक नसतंच.

पहिल्याच दिवशी रजा मिळणार नव्हती आणि घरात दोघींशिवाय कुणी नव्हतं. सोमवारी तुम्ही आईजवळ बसाल का, असं तिनं विचारलं. हे गेल्यापासून मी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. हो म्हटलं.

आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. नखांत अजून चाकाची पांढरी धूळ होती. श्वास मध्येच थांबायचा, मी आकडे मोजू लागायचे, मग तो पुन्हा सुरू व्हायचा. हा श्वास माझ्या ओळखीचा होता. शेवटच्या दोन दिवसांत यांचा असाच चालला होता. मी नर्सला बोलावलं. तिनं ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना बोलावते म्हणाली आणि माझ्याकडे न बघता गेली.

सकाळी नऊ वाजता मुलीचा निरोप आला. अंगठा पहिल्याच वेळी लागला, आईला सांगा.

मी वाकून आईला सांगितलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. पापणीसुद्धा हलली नाही.

फोन बराच वेळ हातात धरून बसले. पहिल्याच दिवशी मधून उठून आलेल्या मुलीला ते ठेवून घेणार नाहीत, हे मला माहीत होतं.

मग मी लिहिलं, लगेच ये.