मागच्या दाराची बँक

आमच्या गावातल्या बँकेने आपला इतिहास भिंतीवर टांगलाय. गाव लहान, जर्मनीतल्या आखनहून बसने जवळ आणि बेल्जियमची हद्द सायकलच्या टप्प्यात. नातीला शाळेतून आणताना मी आत शिरले, कारण बाहेर पाऊस होता आणि आत फुकट कॉफी.

पहिल्याच फलकावर लिहिलंय की ही बँक मुळात बँक नव्हतीच. सावकार गोरगरिबांना नाडत होते, म्हणून चर्चमधल्या चार भल्या माणसांनी वस्तू गहाण ठेवून घेणारं एक धर्मादाय घर काढलं, लाइहाउस. लोक सोमवारी आपला चांगला कोट तिथे ठेवायचे, शनिवारी सोडवायचे आणि रविवारी तो घालून देवासमोर उभे राहायचे. पुढे काहींच्या हातात दोन पैसे उरायला लागले, तेही ते तिथेच ठेवू लागले. अशी गहाणखान्याच्या पुढ्यात बँक उभी राहिली. पुढचं दार ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचं, मागच्या बोळातलं दार ज्यांच्याकडे नाहीत त्यांचं. हे मागचं दार पुष्कळ टिकलं. मी स्वतः त्यातून आत गेलेय.

"तुम्ही गरीब होता?" नातीने जर्मनमध्ये विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र जिवावर येतं.

"नाही गं. मी हुशार होते," म्हटलं.

तेव्हा युरो नव्हते, मार्क चालत. लग्न होऊन मी नुकतीच पुण्याहून आले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. माहेर-सासरचं सोनं बरोबर आणलं होतं, कारण ते नेसत्या साडीइतकंच आवश्यक आहे असं दोन्हीकडच्या बायकांचं मत पडलं. त्यात सासूबाईंच्या सासूबाईंच्या पाटल्या होत्या. हे सगळं मी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं. चोर तांदूळ उपसत नाहीत, हे आमच्या घरात वेदवाक्य होतं. मग एका रविवारी यांचे साहेब सपत्नीक जेवायला आले आणि मसालेभातात त्यांच्या दाताखाली नथीचा मोती आला. त्यांनी तो रुमालात घेतला, तुमच्याकडे अशी प्रथा आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. पाहुण्यावर भाग्य येतं, असंही वर सांगितलं.

रात्री हे म्हणाले, "उद्याच्या उद्या ते सोनं बँकेत ठेव."

बँकेत सगळे लॉकर गेलेले. कोणी मेलं तर तुमचा नंबर लागेल, असं काउंटरवरच्या बाईंनी सौजन्याने सांगितलं. नंबर लावून मी बाहेर पडले आणि वळसा घालून बोळात आले, तर तिथे त्याच बँकेचं दुसरं दार. आत काचेपलीकडे एक उंच, सुतकी चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पाटल्या तोलल्या, पिशवीत घालून सीलबंद केल्या, तिजोरीत नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, वा, नंबर नाही, भाडं नाही. मग त्यांनी एक चिठ्ठी आणि नोटा माझ्याकडे सरकवल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण पाटल्या गहाण टाकल्यात! आमच्या घरात हा शब्द देवघरासमोर उच्चारत नसत.

दुसरी कुणी असती तर पाटल्या परत मागितल्या असत्या. मी विचार केला, तिजोरी तर भक्कम आहे. "पैसे शक्य तितके कमी द्या," मी म्हटलं. गृहस्थांनी मान वर करून पाहिलं. लोक इथे उलटं भांडतात, असं म्हणाले. त्या नोटा मी घरी येऊन तांदळाच्या डब्यात घातल्या आणि उरलेलं सोनंही त्याच वाटेने रवाना केलं.

"ठेवलंस बँकेत?" यांनी विचारलं.

"ठेवलं." खोटं थोडंच होतं?

पुढे मला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायला सासूबाई शनिवारी पुण्याहून पोचणार असं ठरलं. फोनवर त्या दोनच वाक्यं बोलल्या. "लोणचं आणते आहे. पाटल्या घालून ठेव."

त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी मी डब्यातल्या नोटा घेऊन निघाले. रस्त्यात बायका चेटकिणींचे कपडे घालून हिंडत होत्या. मी मान खाली घालून चालले. बोळातलं दार उघडलं, तर काचेमागे सुतकी गृहस्थ मधमाशी होऊन बसलेले. पिवळे-काळे पट्टे, डोक्यावर दोन डुगडुगत्या शिंगोट्या, चेहरा नेहमीचाच. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून चेटकिणी आत घुसल्या. एकीने लांब कात्री काढली आणि त्यांचा टाय कचकन कापला. त्यांनी उरलेला टाय सरळ केला.

दरोडा! मी सातव्या महिन्यात जेवढं पळता येतं तेवढं पळाले आणि घरी येऊन दाराला कडी लावून बसले. संध्याकाळी हे आले, तर यांचाही टाय अर्धा.

"अहो, तुम्हालाही लुटलं?"

"अगं, कार्निवल सुरू झालाय," हे म्हणाले. "आज बायकांनी टाय कापायचे असतात. सांगायचं राहिलं."

शुक्रवारी गेले, तर बोळातल्या दारावर पाटी होती: राखेच्या बुधवारी उघडेल. म्हणजे कार्निवल संपल्यावर, पुढच्या बुधवारी.

विमानतळावर मी स्वेटरच्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढून उभी होते. सासूबाईंनी आधी पोट पाहिलं, मग म्हणाल्या, "हात बघू."

"आई, थंडी आहे."

घरी हीटरपाशी बसून चहा होईपर्यंत त्यांनी दम धरला. "हं. आता?"

"बँकेत आहेत, आई."

"मग काढून आण."

"बँक बंद आहे. लोक नाचतायत."

"बँकेतले?"

"हो."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. सुनेने पाटल्या विकल्या, हे सासूबाईंच्या मनात पक्कं झालेलं मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. डोहाळजेवण बुधवारी संध्याकाळी होतं. बिनपाटल्यांची मी पाटावर बसले असते, तर तो संशय जन्मभर आमच्या दोघींच्या मध्ये बसला असता.

सोमवारी मिरवणूक निघाली. गाड्यांवरून लोक चॉकलेटं उधळत होते. सासूबाईंनी पदर पसरला आणि शेजारच्या दोन पोरांपेक्षा जास्त माल मिळवला. एका गाडीवर आमची मधमाशी होती.

"आई, ते बघा. बँकेतले. त्यांच्याकडेच आहेत पाटल्या."

सासूबाईंनी बराच वेळ मधमाशीकडे पाहिलं. "याच्याकडे? माझ्या सासूबाईंच्या?" मग म्हणाल्या, "बुधवारी मीही येणार."

बुधवारी मी त्यांना पुढच्या दाराने नेण्याचा बेत केला, पण पुढून मागे जायला वाट नव्हती. शेवटी बोळ. गृहस्थ काळ्या कोटात बसले होते, कपाळावर राखेचा क्रूस.

"अंगारा लावलाय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "देवभोळा दिसतो. परवा काय झालं होतं त्याला?"

मी नोटा मोजून दिल्या. त्यांच्याबरोबर चार तांदूळही पडले. गृहस्थांनी ते गोळा करून मला परत दिले आणि पाटल्या सासूबाईंपुढे ठेवल्या. सासूबाईंनी त्या तपासल्या, माझ्या हातात चढवल्या आणि मग विचारलं, "पैसे कसले दिलेस?"

भाडं म्हणणार होते. पण गृहस्थांना वाटलं, या बाई संस्थेविषयी विचारतायत. आज भिंतीवर आहे तो सगळा इतिहास त्यांनी सांगितला, सावकार, रविवारचा कोट, सगळं, आणि मी भाषांतर करावं म्हणून ते मधूनमधून थांबत राहिले. कोट सोमवारी ठेवायचा आणि शनिवारी सोडवायचा, इथपर्यंत मी भाषांतर केलं.

"म्हणजे गहाण," सासूबाई म्हणाल्या.

"हो. पण आई, पैशाला हात लावला नाही. लॉकर नव्हता म्हणून..."

त्या बाहेर पडल्या. बोळात त्यांनी चालणं थांबवलं. "म्हणजे त्याने सोनं सांभाळलं, आणि वर तुलाच पैसे दिले?"

"हो. व्याज घेतात थोडं."

"लॉकरच्या भाड्यापेक्षा जास्त?"

"कमीच पडलं."

संध्याकाळी माझी ओटी भरताना त्यांनी पाटल्या सगळ्या बायकांना दाखवल्या. जर्मन शेजारणीलाही, दोनदा. मी रात्रभर शिक्षेची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना पॅरिस दाखवायला नेणार होतो. हातातले तोडे त्यांनी रुमालात बांधले होते.

"चल त्या अंगारेवाल्याकडे. पॅरिसात पाकीटमार फार, ऐकलंय मी."

"आई, यांना काय सांगू?"

"बँकेत ठेवले म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "खोटं थोडंच आहे?"